टोकियोतील शेअर हाऊस : एकवीस महिन्यांच्या मुक्कामानंतर

लातूरहून पुण्याला शिकायला गेलेल्या माणसाला ‘कॉट बेसिस’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. एका खोलीत तीन खाटा, भिंतीतले एक कपाट, नळाला पाणी येण्याची ठरलेली वेळ आणि रात्री दहानंतर दार लावून घेणारे मालक, एवढ्या भांडवलावर आमच्या पिढीने शिक्षण पूर्ण केले. टोकियोत ‘शेअर हाऊस’ या नावाने जी सेवा विकली जाते, ती याच घराण्यातली आहे. फरक इतकाच, की तिथे खोली प्रत्येकाची स्वतंत्र असते, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बैठकीची जागा सामायिक असते आणि जाहिरातीत खोलीपेक्षा मैत्रीचे वर्णन अधिक असते. नोव्हेंबर 2022 ते ऑगस्ट 2024 असे एकवीस महिने मी टोकियोच्या किता विभागात, ओजी स्थानकापासून चालत अकरा मिनिटांवरच्या अशाच एका घरात काढले.

परत आल्यापासून औसा, निलंगा, उदगीर अशा ठिकाणची मुले-मुली माझ्याकडे येऊन जातात. कोणी परिचर्येच्या कामासाठी जपानी शिकत असते, कोणी माझ्यासारखे संगणकाच्या नोकरीसाठी. भाषेच्या परीक्षेचे बोलणे आटोपले की त्यांचा खरा प्रश्न बाहेर येतो, तो म्हणजे तिथे राहायचे कुठे आणि बोलायचे कोणाशी. हे परीक्षण त्यांच्यासाठी आहे. घर चालवणाऱ्या कंपनीचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही. पुढे काही तक्रारी येणार आहेत, त्या एका कंपनीच्या माथी मारण्यात मला रस नाही, आणि या धर्तीची घरे चालवण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच असते.

आधी पैशांचे बोलू. टोकियोत स्वतंत्र खोली भाड्याने घ्यायची म्हटली की शिकिकिन म्हणजे अनामत, रेइकिन म्हणजे मालकाला आभारादाखल द्यायची आणि कधीही परत न मिळणारी रक्कम, दलालाचे शुल्क, हमी देणाऱ्या कंपनीचे शुल्क, आगीचा विमा आणि पहिल्या महिन्याचे भाडे असे सगळे मिळून चार-पाच महिन्यांच्या भाड्याइतका पैसा चावी हातात पडण्यापूर्वीच निघून जातो. रेइकिनला आपल्याकडची पागडी म्हणावे, तर पागडीत निदान काही हक्क तरी पदरात पडतो. खोली मिळते तीही रिकामी. अनेकदा दिवासुद्धा आपणच आणून टांगायचा असतो. त्याच्या तुलनेत माझ्या घराचा हिशेब सरळ होता. भाडे 58,000 येन, वीज, पाणी, गॅस आणि इंटरनेट धरून सामायिक खर्च 12,000 येन, अनामत 30,000 येन आणि हमीदार नाही. त्या काळात एका येनला साधारण पंचावन्न पैसे पडत, म्हणजे महिन्याचे साडेअडतीस हजार रुपये झाले. लातूरच्या मानाने ही रक्कम डोळे पांढरे करणारी आहे, पण ज्या शहराच्या महानगर प्रशासनाखाली सुमारे एक कोटी चाळीस लाख माणसे राहतात, तिथे पलंग, टेबल, पंखा-हीटर आणि वॉशिंग मशीनसह ती वाजवीच म्हणावी लागेल.

हमीदार लागत नाही, ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू होय, आणि ती किती मोठी आहे हे नकार खाल्ल्याशिवाय कळत नाही. जपानच्या न्याय मंत्रालयाने 2017 साली जाहीर केलेल्या पाहणीत, आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी रहिवाशांपैकी सुमारे 39 टक्के लोकांनी केवळ परदेशी असल्यामुळे नकार मिळाल्याचे सांगितले होते. माझ्या वाट्याला असे दोन नकार आले. दुसऱ्या वेळी दलाल माझ्यासमोरच मालकाशी फोनवर बोलत होता. त्याने तीन वेळा कमरेत वाकून, फोनमध्ये न दिसणाऱ्या मालकाला नमस्कार केला आणि मग माझ्याकडे वळून, स्वयंपाकाच्या वासाची अडचण असल्याचे अतिशय नम्रपणे सांगितले. राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही. आडनाव विचारून खोली नाकारणारी शहरे आपल्याकडे कमी नाहीत, आणि तिथे कमरेत कोणी वाकतही नाही.

चौकशी करताना आणखी एक गोष्ट न विसरता विचारावी. नव्या पत्त्यावर राहायला गेल्यापासून चौदा दिवसांच्या आत विभाग कार्यालयात जाऊन रहिवासी म्हणून नोंद करावी लागते आणि निवास कार्डाच्या मागे तो पत्ता लिहून घ्यावा लागतो. आरोग्य विमा, बँकेचे खाते, मोबाइलची जोडणी हे सगळे त्या पत्त्यावरून पुढे सरकते. काही स्वस्त मुक्कामांच्या ठिकाणी पत्ता नोंदवू दिला जात नाही. माझ्या कंपनीने नोंदवू दिला, इतकेच नव्हे तर कार्यालयात भरायच्या अर्जाचा एक भरलेला नमुनाही दिला.

खोली साडेचार तातामींची होती. जपानमध्ये आजही खोली चटयांच्या हिशेबात मोजतात आणि एक चटई सुमारे 1.62 चौरस मीटर धरली जाते. म्हणजे ही खोली अठ्ठ्याहत्तर चौरस फुटांच्या आसपास होती. आमच्या गावी एवढ्या जागेत कडबा रचतात. तरीही सहा महिन्यांनंतर मला ती लहान वाटेनाशी झाली, कारण जागरणाचा, बोलण्याचा आणि जेवणाचा सगळा वेळ खाली सामायिक दालनात जात असे आणि खोली केवळ झोपण्यापुरती उरली होती.

माझा पहिला प्रश्न मात्र खोलीच्या आकाराविषयी नव्हता, तर इमारत कोणत्या साली बांधली याविषयी होता. जपानने जून 1981 मध्ये भूकंपरोधक बांधकामाचे नियम कडक केले, आणि त्यानंतर परवानगी मिळालेली इमारत व त्याआधीची इमारत यांत तिथला सामान्य माणूसही फरक करतो. आमची इमारत 1988 ची होती. दाखवायला आलेल्या तरुणीला या प्रश्नाचे नवल वाटले, कारण परदेशी माणसे आधी इंटरनेटचा वेग विचारतात, असे ती म्हणाली. किल्लारीच्या परिसरातल्या घरात जन्मलेल्या माणसाने आधी काय विचारावे, हे तिला कुठून ठाऊक असणार? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक झोपलेले असताना, दगड-मातीच्या भिंती आणि वरचे जड माळवद अंगावर येऊन हजारो माणसे गेली. माझा जन्म त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आमच्या घरात अजूनही छताकडे पाहिल्याशिवाय कोणी अंथरूण टाकत नाही.

स्वयंपाकघर हा या घराचा आत्मा आणि भांडणाचे मूळ, दोन्ही होते. तेरा खोल्यांमागे दोन ओटे, दोन मोठे फ्रिज आणि प्रत्येकाला नाव लिहिलेला एक प्लास्टिकचा डबा. इथे मराठवाड्यातून जाणाऱ्यांनी दोन चुका टाळाव्यात. पहिली म्हणजे मिक्सर नेणे. जपानमधली वीज 100 व्होल्टची आहे आणि आपला 230 व्होल्टचा मिक्सर तिथे म्हाताऱ्या बैलासारखा चालतो. दुसरी म्हणजे ॲल्युमिनियमचा कुकर नेणे. ओट्यावर ज्योतीची शेगडी नसून इंडक्शनची काच होती आणि तिला ॲल्युमिनियमचे बूड ओळखता येत नाही. मी दोन्ही नेले होते. पुढे निशी-कासाईच्या एका भारतीय दुकानातून इंडक्शनवर चालणारा स्टीलचा कुकर आणला आणि एका शनिवारी सकाळी साडेसातला तुरीच्या डाळीला तीन शिट्ट्या दिल्या. दुसऱ्या शिट्टीला वरच्या मजल्यावरची दोन दारे उघडली आणि तिसरीला एक मुलगी आग विझवण्याचे नळकांडे घेऊन जिन्यात उभी होती. मला तोंडावर कोणी काही म्हणाले नाही. संध्याकाळी फ्रिजवर एक छापील सूचना लागली, की ‘स्वयंपाकाच्या उपकरणांतून मोठा आवाज येऊ नये याची सर्वांनी काळजी घ्यावी.’ सूचना सर्वांसाठी होती आणि शिट्टी मात्र एकाच माणसाची होती. टोकियोतली तक्रार अशी येते. ती वाचायला शिकणे हे भाषेच्या परीक्षेत विचारत नाहीत.

आता कंपनी ज्या गोष्टीचे सर्वांत जास्त पैसे घेते असे मला वाटते, तिच्याकडे येतो. जाहिरातीत ‘आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण’ हे शब्द ठळक होते. महिन्यातून एकदा इकेबुकुरोतील एका भाड्याच्या दालनात कंपनीच्या सगळ्या घरांतील रहिवाशांसाठी मेळावा भरत असे आणि त्याचे 2,500 येन वेगळे द्यावे लागत. मी चार मेळाव्यांना गेलो. छातीवर नावाची चिकटपट्टी लावून, दर दहा मिनिटांनी टेबल बदलत, आपण त्याच चार प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. जपानला का आलात, चॉपस्टिक वापरता येतात का, रोज करीच खाता का, आणि टोकियो आवडले का. समोरच्यांपैकी बरेच जण इंग्रजीचा सराव करायला आलेले असतात, त्यामुळे आपण मोडक्यातोडक्या जपानीत उत्तर दिले की त्यांचा चेहरा पडतो. शेवटी मोबाइलवर एकमेकांची ओळख जोडून घेतली जाते आणि ‘पुन्हा कधीतरी जेवायला जाऊ’ असे म्हटले जाते. आपल्याकडच्या ‘या एकदा घरी’ या वाक्याला जेवढा दिवस-वार असतो, तेवढाच त्या वाक्यालाही असतो, हे लक्षात यायला मला दोन महिने लागले. चार मेळाव्यांच्या दहा हजार येनांतून एकही माणूस जोडला गेला नाही. या सेवेचा हा भाग मी पाचपैकी एक गुण देऊन बाजूला ठेवतो.

माणसे जोडली गेली ती कचऱ्यामुळे. ही अतिशयोक्ती नाही. जळणारा कचरा आठवड्यातून दोन दिवस, बाटल्या, डबे आणि कागद त्यांच्या ठरलेल्या दिवशी, न जळणारा महिन्यातून मोजक्या वेळा, आणि सगळे सकाळी आठच्या आत, कोपऱ्यावरच्या जागी, कावळ्यांनी फाडू नये म्हणून जाळीखाली नीट सरकवून ठेवायचे. आमच्या घरात या कामाच्या पाळ्या होत्या आणि प्रत्येक पाळीला दोघे असत. माझी जोडी सेंदाईकडच्या एका परिचारिकेशी लागली. ती रात्रपाळी संपवून परतायची आणि मी नुकताच उठलेला असायचो. दोघांनाही बोलण्याची हौस नसल्यामुळे पहिला महिनाभर आम्ही केवळ बाटल्यांची झाकणे काढली. त्यानंतर तिने मला, मी दुधाचे खोके चुकीचे कापतो, हे कात्रीने करून दाखवले, आणि मग बोलणे सुरू झाले. कोपऱ्यावर समोरच्या घरातील सत्तरीच्या काकू रोज त्याच वेळी झाडत असत. त्यांनी पहिले चार महिने केवळ मान लवून नमस्कार स्वीकारला आणि पाचव्या महिन्यात विचारले, की तुमच्या देशात थंडी कशी असते. मी लातूरच्या मे महिन्याचे वर्णन केले. त्या खराटा टेकवून ऐकत राहिल्या. पुढे त्यांच्याच शब्दावर ऑगस्टच्या उत्सवात मला वस्तीची पालखी खांद्यावर घ्यायला मिळाली आणि खांदा आठवडाभर काळानिळा होता. जपानी मिकोशी खालीवर हिसडत नेतात, आपली पालखी झुलते. हा फरक खांद्याला कळतो.

घरात शिरताना आणि निघताना म्हणायचे शब्दही या घराने मला दिले. बाहेर पडणारा ‘इत्तेकिमासू’ म्हणतो. या शब्दाची फोड केली तर ‘जाऊन येतो’ असाच अर्थ निघतो. निघताना ‘जातो’ म्हटले की आजीचा हात पाठीत बसत असे अशा घरातून आलेल्या माणसाला हा शब्द शिकवावा लागला नाही. आतून कोणीतरी ‘इत्तेराश्शाय’, म्हणजे ‘जाऊन ये’, म्हणतो, आणि परतल्यावर ‘तादाइमा’, म्हणजे ‘आलो’, म्हटले की ‘ओकाएरी’, म्हणजे ‘आलास, ये’, असे उत्तर येते. स्वतंत्र खोली घेऊन राहणाऱ्या माझ्या दोन सहकाऱ्यांना ही देवाणघेवाण वर्षभरात एकदाही मिळाली नव्हती, आणि त्यांच्यापैकी एकजण रिकाम्या खोलीत स्वतःशीच ‘तादाइमा’ म्हणतो असे त्याने एकदा दारू पिऊन सांगितले होते.

दारूचा विषय निघालाच आहे, तर इझाकायाचे, म्हणजे तिथल्या दारू आणि खाण्याच्या अड्ड्याचे, सांगून टाकतो. कार्यालयातील मंडळींबरोबर जाणे टळत नाही आणि टाळूही नये, परंतु न मागता समोर येणारी छोटी वाटी, म्हणजे ‘ओतोशी’, फुकट नसते. तिचे तीन-चारशे येन बिलात लागतात. भाजीच्या पदार्थातही बहुधा वाळवलेल्या माशाचे पाणी असते. बिलाची वाटणी एका येनापर्यंत होते, त्यात कोणाला संकोच नसतो. सगळ्यांचे लक्ष मात्र घड्याळाकडे असते. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात शेवटची गाडी सुटते, पहाटे साडेचार-पाचपर्यंत दुसरी नसते आणि रात्री दहानंतर टॅक्सीला वीस टक्के जादा पडतात. एकदा माझी गाडी चुकली तेव्हा ती रात्र मी एका कराओकेच्या खोलीत, झोपलेल्या वरिष्ठांच्या बुटांशेजारी बसून काढली. ते सोमवारी माझ्याशी बोलले, ते काहीच घडले नसल्यासारखे. घर स्थानकाजवळ असण्याची किंमत अशा रात्री कळते.

मराठी माणसाला साहजिकच निशी-कासाईची ओढ लागते. एदोगावा विभागातला हा भाग दोन हजार सालाच्या सुमारास संगणक अभियंत्यांमुळे भारतीयांची वस्ती म्हणून वाढला, कारण तोझाय मार्गाने शहराच्या मध्यभागातील कार्यालये जवळ पडत. 2019 साली याच एदोगावाच्या विभागसभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. गणपतीत मीही तिकडे गेलो, आरतीला घसा बसेपर्यंत ओरडलो आणि उकडीचे मोदक खाल्ले. पण राहायला तिकडे गेलो नाही याचे समाधान आहे. तिथे जेवणाची सोय होते, अडीअडचणीला माणूस धावून येतो, कुटुंब असेल तर तीच जागा योग्य. एकट्याने जाणाऱ्याची जपानी भाषा मात्र तिथे किराणा दुकानापलीकडे जात नाही. माझ्याच वेळी गेलेल्या आणि तिकडे राहिलेल्या मित्राची हीच अवस्था आहे, आणि तो हे वाचून चिडणार आहे.

गणपतीवरून आठवले. आमच्या घरातल्या ओसाकाच्या आचाऱ्याला, हत्तीचे तोंड असलेला देव आम्ही घरी बसवतो हे कळल्यावर, त्याने एका रविवारी मला असाकुसातील मात्सुचियामा शोदेन या मंदिरात नेले. तिथे कांगितेन या नावाने गणपतीच पुजला जातो, आणि त्याला मुळा वाहतात. मोदक नव्हे, जास्वंद नव्हे, दुर्वा नव्हेत, तर चांगला हातभर लांब पांढरा मुळा, जो मंदिरातच विकत मिळतो. मूर्ती दर्शनाला नसते. मी मुळा वाहिला, हात जोडले आणि आईला फोन लावला. तिने सगळे ऐकून एवढेच विचारले, की मुळ्याच्या पाल्याचे तिथे काय करतात.

या घराची सर्वांत चांगली रात्र जानेवारी 2024 मधली होती आणि तिच्यामागे कंपनीचा काहीही हात नव्हता. आमच्या लातूर-धाराशिव भागात वेळ अमावस्येला सगळे गाव शेतात जाऊन भज्जी, आंबील आणि भाकरी खाते. त्या वर्षी ती 11 तारखेला, गुरुवारी आल्यामुळे मी पुढच्या रविवारी बेत केला. योगायोगाने त्याच रविवारी घरात नाबे ठरले होते. नाबे म्हणजे मध्यभागी टेबलावर शेगडी ठेवून, एकाच मातीच्या भांड्यात शिजणारे आणि सर्वांनी त्यातूनच काढून घ्यायचे जेवण. माझ्यासाठी त्यांनी माशाऐवजी कोंबू या समुद्री वनस्पतीचे पाणी केले होते आणि त्यात चिनी कोबी, टोफू, अळंबी सोडली होती. दुसऱ्या बाजूला माझी भज्जी होती. तुरीचे सोले मिळाले नाहीत म्हणून कोवळ्या सोयाबीनचे दाणे, पालक, मेथीची वाळलेली पाने, शेंगदाणे, चिंच आणि ताकात कालवलेले बेसन असा तिचा थाट होता.

भाकरीने मात्र अडवले. इंडक्शनवर तवा तापतो, भाकरी पलटते, पण शेवटी तिला उघडा विस्तव लागतो, नाहीतर पापुद्रा सुटत नाही आणि भाकरी चामड्यासारखी होते. खोल्यांत ज्योत पेटवायला बंदी होती, परंतु दालनात नाबेसाठी गॅसच्या नळकांड्यावर चालणारी छोटी शेगडी वापरायची परवानगी होती. आचाऱ्याने माझी धडपड पाहिली आणि फडताळातून ‘मोची’ म्हणजे चिकट तांदळाच्या वड्या भाजायची तारेची जाळी काढली. ती शेगडीवर ठेवली. मी तव्यावरून ज्वारीची भाकरी उचलून जाळीवर टाकली. क्षणभर काहीच झाले नाही. मग एका कडेने ती फुगायला लागली, फुगत फुगत टम्म झाली, आणि टेबलाभोवतीच्या नऊ माणसांच्या तोंडून एकाच वेळी लांबलचक ‘ओऽऽ’ निघाला. फुजीच्या डोंगराला तेवढा निघत नसेल. पहिली भाकरी मी मोडून सर्वांना दिली. परिचारिकेने वाफ सुटणारा पापुद्रा उचलून आत डोकावून पाहिले, जणू फुगवणारे यंत्र आत राहिले असावे. आई त्या वेळी व्हिडिओवर होती. ती माळकरी आहे. तिने जाळी पाहिली आणि विचारले, “कशावर भाजलालास रे ती? मासळी भाजलेली नव्हती न त्याच्यावर?” मी नाही म्हणालो. आचाऱ्याला मी ते विचारले नव्हते आणि आजही विचारलेले नाही.

आणि एक पहाट सांगणे भाग आहे. 11 मे 2023 रोजी सव्वाचारच्या सुमारास चिबाच्या दक्षिण भागात भूकंप झाला आणि टोकियोही हलले. मी जागा झालो तो जिन्यात, अनवाणी आणि दाराच्या कडीला हात घातलेला. खाली परिचारिका उभी होती. तिने माझे मनगट धरले आणि बाहेर जायचे नाही, वरून काच आणि कौले पडतात, असे बजावले. मला लहानपणापासून नेमके उलटे शिकवलेले आहे. हलायला लागले की घर सोडायचे, मागे वळून पाहायचे नाही. तिचे 1988 चे घर आणि माझे माळवद यांच्यात तेवढे अंतर होते. हालणे थांबल्यावर आम्ही दालनात जाऊन चहा केला. 2011 च्या मार्चमध्ये, सेंदाईच्या भागात मोठा भूकंप आणि त्सुनामी आली तेव्हा, ती शाळेत होती. ती काय म्हणाली ते मी इथे लिहिणार नाही. तिने मला किल्लारीबद्दल विचारले आणि माझी जपानी त्या दिवशी कधी नव्हे इतकी सरळ चालली. परीक्षण म्हणून नोंदवायचे तर, प्रत्येक मजल्यावर आपत्कालीन पिशवी, शिरस्त्राण आणि विझवण्याचे नळकांडे जागेवर होते, फर्निचर भिंतीला खिळलेले होते आणि वर्षातून एकदा सराव होत असे. या बाबतीत कंपनीला पैकीच्या पैकी गुण.

आता तक्रारी. हिवाळ्यात खोली गोठते. जपानी घरांत सगळे घर तापवण्याची रीत नाही, आपण असतो ती खोली तापवायची आणि मार्गिकेत कुडकुडत जायचे. जूनच्या पावसात भिंतीच्या कडेला बुरशी धरते आणि ती पुसणे ही राहणाऱ्याचीच जबाबदारी असते, हे करारात बारीक अक्षरांत लिहिलेले होते. रात्री नऊ ते अकरा इंटरनेट रांगते. तेरा माणसांत दोन न्हाणीघरे असल्याने सकाळी पाटीवर वेळ लिहावी लागते. न्हाणीघराबाबत एक गोष्ट मात्र आवडली, की टबात बसण्यापूर्वी अंग बाहेर धुवायचे, टबाचे पाणी सर्वांनी वापरायचे आणि उरलेले पाणी नळीने वॉशिंग मशीनमध्ये ओढून कपड्यांना घ्यायचे. 2016 साली मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्याची वाट पाहिलेल्या माझ्या शहराला हे समजावून सांगावे लागणार नाही. पहिल्यांदा काठोकाठ भरलेला टब पाहून मी मात्र त्यात न बसता बाहेर बादलीनेच आंघोळ केली होती.

सर्वांत कडवट अनुभव निघताना आला. एक महिना आधी लेखी कळवले, खोली घासूनपुसून दिली, तपासणीला आलेल्या माणसाने सगळे उत्तम असल्याचे सांगून तीन वेळा आभार मानले, आणि सहा आठवड्यांनी अनामतीतून 22,000 येन स्वच्छतेपोटी कापून उरलेले 8,000 खात्यात आले. करारात ‘ठरावीक स्वच्छता शुल्क’ असा शब्द होता, आकडा नव्हता. पत्र पाठवल्यावर उत्तर अत्यंत आदराने आले आणि त्यात पैसे नव्हते. तेव्हा सही करण्यापूर्वी तो आकडा कागदावर लिहून मागावा. तोंडी आश्वासन पुरेसे नाही. पहिल्या दिवशी भिंतींचे आणि चटईचे फोटोही तारखेसह काढून ठेवावेत.

माझा निकाल असा. घर म्हणून पाचपैकी चार, कंपनी म्हणून अडीच, आणि मेळाव्यांचा गुण वर दिलेलाच आहे. परदेशात पहिले वर्ष एकट्याने काढायचे असेल, जपानी निदान दुकानापुरती येत असेल आणि पाळीने कचरा काढण्यात कमीपणा वाटत नसेल, तर स्वतंत्र खोलीपेक्षा शेअर हाऊस घ्यावे. दहा-बारा खोल्यांहून मोठे घेऊ नये. चाळीस-पन्नास खोल्यांच्या घरात माणसे जिन्यात भेटतात आणि जिन्यातच राहतात. निम्मे रहिवासी तरी जपानी आहेत का, हे विचारावे. रात्री झोपेची गरज असलेल्यांनी स्वयंपाकघराच्या थेट वरची खोली घेऊ नये, आणि पश्चिमेकडे खिडकी असलेली तर मुळीच नको. ऑगस्टमध्ये मी तिथे लातूरची आठवण काढत नव्हतो, लातूरच तिथे आले होते.